ठिपक्यांतले आकडे

१९ जून १९८१
दिगूचा बारावीचा निकाल. गणित छान, फिजिक्स बरं, केमिस्ट्रीने घात केला. लेखी चांगलं होतं, पण प्रॅक्टिकलमध्ये पार आपटला. विचारलं तर म्हणतो, "मामाजी, ज्योत हिरवी की विटकरी, तेच समजलं नाही." मी चिडलो. दोन वर्षं प्रयोगशाळेत झोपा काढल्या का, म्हटलं. शालू स्वयंपाकघरातून ओरडली, "पास झाला ना पोरगा, आधी तोंड गोड करा, मग रागवा." पेढे आणले. मीच दोन जास्त खाल्ले.

इंजिनीअरिंगला तिन्ही विषयांची बेरीज बघतात. बेरीज जेमतेम आहे. मुलांना बेरजा शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, अन् घरच्या पोराची बेरीज अशी.

२१ जून, रविवार
काटोलहून दिगूचे वडील नामदेवराव आले. कमलने गावरान आंब्यांची टोपली पाठवली. धाकटी बहीण, पण आंबे पाठवताना आईसारखी निरोप देते, कोणता आधी खायचा, कोणता दोन दिवसांनी.

नामदेवराव पोरावर खूश. म्हणाले, "मास्तर, बागेत ह्या पोट्ट्याचा उपयोग नाही, हे मले तो लहान होता तेव्हाच समजलं. तोड्याच्या वेळी पिकलं संत्र सोडून कच्चं तोडे. कितीदा दाखवलं, तरी तेच. म्हणून तं तुमच्याकडे धाडला." दिगू आंब्याचा रस चाटत हसत होता. पाचवीपासून तो आमच्याकडे आहे. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे घरात जो काही आरडाओरडा आहे तो त्याच्यावर अन् त्याच्यासाठी.

१४ जुलै
यादी लागली. नाव आहे!! मेकॅनिकल, सिव्हिल वर गेलं, मायनिंगला मिळालं. केमिस्ट्रीचे ते मार्क असते तर सिव्हिल नक्की होतं, पण आता कशाला उकरायचं. दिगू म्हणतो, मायनिंगच बरं, सावनेरकडे खाणी आहेत, नोकरी लागली तर घर जवळ. दोन्ही घरांत आजवर कोणी इंजिनीअर नाही. मी बी.एस्सी., बी.एड. होऊन थांबलो.

शालूने त्याला जवळ घेतलं तेव्हा तो लाजला. अठरा वर्षांचा घोडा. मी बाहेर येऊन उगीच सायकलची हवा बघितली.

आता फक्त डॉक्टरचा दाखला. तो काय, नावापुरता.

२२ जुलै
नीट लिहून ठेवतो.

कॉलेजने नेमून दिलेल्या डॉक्टरकडे गेलो. उंची, वजन, छाती, सगळं ठीक. दूरचं वाचन ठीक. मग एक पुस्तक उघडलं. पानावर रंगीत ठिपके, ठिपक्यांत आकडा. मी दिगूच्या शेजारीच खुर्चीवर होतो.

पहिलं पान, दिगू म्हणाला बारा. बाराच होते.
दुसरं. दिगू म्हणाला तीन. मीही मनात तीनच म्हटलं.
नंतर सत्तर. बरोबर. एकवीस. बरोबर. मला बरं वाटत होतं, वर्गात फळ्यापाशी पोरगं धडाधड उत्तरं देतं तसं. पुढे काही पानांवर तो म्हणाला, "ह्यात काही नाही, सर." मलाही काही दिसलं नाही. म्हटलं, फसवायला कोरी पानं घातली असतील.

डॉक्टरांनी कागदावर बघून मान हलवली. पहिला आकडा सोडून सगळे चूक. तीन नव्हता, आठ होता. कोऱ्या पानांवरही आकडे होते.

मीही तेच वाचलं होतं. दिगूसाठी घाबरलो की माझ्यासाठी, ते तेव्हा कळलं नाही.

लाल-हिरवा ओळखू येत नाही. रंगांध. "खाणीत दिवे असतात, वायरी असतात. मायनिंगला हे चालत नाही," डॉक्टर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मी विचारलं, औषध? नाही. चष्मा? नाही. जन्माचंच असतं, आईकडून येतं, आईला स्वतःला काही नसतं. आजोबा, मामा, भाचा असं बायकांच्या आडून चालत येतं. "तुमच्याकडे कोणाला आहे का?"
मी म्हटलं, नाही.

वाटेत व्हेरायटी चौकात सिग्नलला मी सायकल थांबवली. आजवर वरचा दिवा की खालचा, एवढंच बघत आलो. सगळे तसंच बघतात असं धरून चाललो होतो.

२३ जुलै
शालूला सांगितलं. आधी दिगूचं, मग माझं. ती थट्टा समजली. पदर पुढे करून म्हणाली, सांगा कोणता रंग. मी म्हटलं, मातकट. ती हसली नाही. हिरवा होता.

मग म्हणाली, लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तुम्ही माझ्यासाठी साडी आणली होती, शेणासारख्या रंगाची. मी ती चार वर्षं नेसले, तुम्हाला आवडते म्हणून. मला वाटलं होतं ती तांबूस आहे, छान आहे. दोघंही हसलो, अन् हसता हसता मला रडू आलं. पन्नाशीत कळतंय.

खाप्याचे आबा आठवले, आईचे वडील. मागावर बसायचे तेव्हा सुताच्या कांड्या आईने लावून द्यायच्या, ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने. एकदा मी एक कांडी इकडची तिकडे केली तर आबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. आम्ही म्हणायचो, म्हातारा तिरसट. आईला माहीत असेल का? कधी बोलली नाही.

मी गणित घेतलं. खडू पांढरा, फळा काळा. सुटलो.

२६ जुलै, रविवार
सकाळच्या गाडीने काटोल, तिथून गाव. सांगितलं. अर्धंच. डोळ्यांत दोष निघाला, पुन्हा तपासणी मागता येते, एवढं. आईकडून येतं हे गिळलं. कमलच्या सासूबाई दारातच बसल्या होत्या. सुनेला बोलायला त्यांना एवढं पुरलं असतं, मग जन्मभर पुरवून वापरलं असतं.

कमल विचारत राहिली. "दादा, लहानपणी गोवर आला होता त्याले, त्यानं झालं असन काय? का मी कमी दूध पाजलं?" मी म्हटलं, नाही वं, असंच असतं काही पोरांना. ती म्हणाली, "असंच म्हंजे कसं?"

उत्तर माहीत असून गप्प बसणं फार जड जातं. निघताना तिने माझ्या पिशवीत मोहाच्या फुलांची भाकर घातली.

२ ऑगस्ट
पुन्हा तपासणी गुरुवारी, मोठ्या दवाखान्यात.

सीताबर्डीवर चष्म्याचं दुकान आहे, मालक माझा विद्यार्थी. त्याच्याकडे तसलंच पुस्तक होतं, मागून आणलं. पाठ करायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. आता गंमत अशी की शिकवणारा मास्तरच आंधळा. शेवटी शालूने वाचलं, दिगूने पाठ केलं, मी नुसतं बोट ठेवायला. दुपारपर्यंत कितव्या पानावर कोणता आकडा, पोराला सगळं तोंडपाठ. पाढ्यांसारखं.

शालूने पुस्तक मिटलं अन् म्हणाली, "हा खाणीत गेल्यावर दिवे कोण वाचून दाखवणार?"
मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. ती जेवली नाही, दिगूही जेवला नाही. मी जेवलो, रागाने.

६ ऑगस्ट
झालं.

डॉक्टर वेगळे, म्हातारे. त्यांनी पुस्तक मधूनच उघडलं. पानाचा क्रमांक त्यांच्या अंगठ्याखाली. दिगूने दोन उत्तरं ठोकून दिली. तिसऱ्याला थांबला. मी दाराशी उभा होतो, मला आत घेतलं नव्हतं. पण दार उघडं होतं, सगळं दिसत होतं. दिगूचा आवाज आला. "दिसत नाही, सर." डॉक्टर म्हणाले, "मग आधीची दोन कशी सांगितलीस?" तो म्हणाला, "अंदाजाने." माझं नाव घेतलं नाही.

बाहेर येऊन म्हणतो, "मामाजी, बरंच झालं."
"काहून बरं झालं?" माझा आवाज चढला. लोक बघायला लागले.
"रोज खाली उतरताना पाठांतर करावं लागलं असतं ना."

चहा पाजला त्याला. स्वतःचा तसाच ठेवून उठलो. मी त्याला कुठे पाठवत होतो, हे त्याने एका वाक्यात सांगितलं. तरी मनातून अजून वाटतं, अंगठा तेवढा बाजूला असता तर. लाज वाटते, पण वाटतं.

९ ऑगस्ट, रविवार
नामदेवराव आले. ह्या वेळी टोपली नाही. बसले, पाणी प्यायले, मग विचारलं, "मास्तर, म्हंजे पोराले दिसतच नव्हतं?"
म्हटलं, पिकलेलं अन् कच्चं त्याला सारखंच दिसतं.

नामदेवरावांनी खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं. मग म्हणाले, "म्या त्याले मारलं होतं. तोड्याले मजूर लागले होते, त्यायच्यासमोर. लहान होता जी. रडून रडून सांगे, बाबा, सारे सारखेच आहेत. मले वाटलं, आळशी आहे, खोटं बोलते." एवढा आडदांड माणूस, उपरणं तोंडावर धरून बसला.

दिगू आला, त्याने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. "राहू द्या ना बाबा." मग नामदेवराव म्हणाले, "घरी चाल. बागेत तुले कोणी काही म्हणणार नाही. मी एक एक संत्र दाखवून देत जाईन." दिगूने मान हलवली. हो की नाही, ते समजलं नाही.

बागेतून काढलं ते डोळ्यांनी, कॉलेजातून काढलं तेही डोळ्यांनी. मधे आठ वर्षं आमच्या घरी अभ्यास केला, तो कुठे गेला?

१७ ऑगस्ट
कॉलेजात गेलो. प्राचार्य भेटले नाहीत, तिसऱ्या खेपेला भेटले. सिव्हिलला रंगाची अट नाही. पण जागा भरल्या आहेत. कोणी सोडून गेलं तर प्रतीक्षा यादीतून घेतील, दिगूचा दुसरा नंबर. शेवटची यादी २४ला. त्यानंतर दार बंद. पुढच्या वर्षी ह्या वर्षीचे मार्क चालतील का, विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले.

म्हणजे दोन पोरांनी जागा सोडावी म्हणून आता देवाकडे बघायचं. कोणाच्या तरी घरी काही बिनसल्याशिवाय आपलं भलं नाही. असली प्रार्थना कशी करायची? केली. शालूने दिवा लावला तेव्हा केली.

दिगू बी.एस्सी.चा अर्ज घेऊन आला अन् टेबलावर पालथा घालून ठेवला. भरत नाही, फेकतही नाही.

२१ ऑगस्ट
ऐकलं की एका पोराला मेडिकल मिळालं, तो सिव्हिल सोडतो आहे. म्हणजे प्रतीक्षा यादीतला पहिला नंबर आत जाईल. अजून एक हवा. शाळेत नववी ब मध्ये सोपं उदाहरण चुकवलं. पोरांनीच दाखवलं. कधी नव्हे ते मी त्यांना शाबासकी दिली, तर ती घाबरली.

२३ ऑगस्ट, रविवार
कमल आली. एकटी, एस.टी.ने. कधी एकटी येत नाही. पायावर पाणीही घेतलं नाही, म्हणाली, "दादा, तुले ठाऊक होतं ना?"

काटोलच्या डॉक्टरकडे गेली होती, सासूला घेऊन, गुडघ्यांसाठी. तिथे पोराचं विचारलं. त्याने सगळं सांगितलं, सासूसमोर. पुढचं तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. डोळे सुजलेले होते.

मी म्हटलं, मलाही आहे, कमल. आबांनाही असावं. तुझा काय दोष? ती म्हणाली, "तुले आहे, पोराले आहे. माझ्यातून गेलं म्हणतेत. मंग मले काहून दिसते सारं? झाडावर एक संत्र पिकलं असन तं मले बागेच्या पार धुऱ्यावरून दिसते." शालूने तिला जवळ घेतलं. मी डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं समजवायला लागलो, आईकडून असं, बापाकडून तसं. चोवीस वर्षं शिकवतो आहे. अर्ध्यात थांबलो, कारण ती ऐकत नव्हती.

दिगू दारात उभा होता. कधीपासून, माहीत नाही. म्हणाला, "आई, कोणाकडून आलं ते राहू दे ना वं. मामाजी, उद्या किती वाजता निघायचं?"
म्हटलं, दहाला. यादी अकराच्या सुमारास लावतात.

कमलने डोळे पुसले. म्हणाली, मीही येतो. आम्ही म्हटलं, उन्हात कशाला, तिथे गर्दी असते, उभं राहावं लागतं. ऐकेना. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, मुलाचं नाव तेवढं ओळखता येतं.

"यादी मी वाचीन," म्हणाली. "तुमच्यापैकी कोणी वाचायची नाही. मले दिसते."

यादी पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने टाइप केलेली असते. ते मी तिला सांगितलं नाही.