जांभळीखालचं गवत

पुणे, १० जानेवारी २०२५

ती. नानांना माधुरीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. सृष्टीला गाडी लागली, बाकी सगळं ठीक. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजाऱ्यांना आमचं भांडण चाललंय असं वाटतं, म्हणून हे पत्र.

नाना, आई गेल्यापासून तुमचा पाय घरात ठरत नाही. आज खर्डा, उद्या पाथर्डी. काय काम होतं विचारलं, तर म्हणे गाडी उभी होती म्हणून बसलो. पाथर्डीच्या स्टँडवर चक्कर येऊन पडलात तेही भागिरथी आत्याकडून कळलं. माझा इथे जीव टांगणीला लागलेला असतो.

म्हणून तर जांभळीखाली ते गवत लावून आले. मोंडो ग्रास म्हणतात त्याला. आई जिथे बसायची तिथली उघडी माती बघवत नव्हती. नर्सरीवाल्याने सांगितलंय की याला दाट सावलीच मानवते, फक्त पाण्याची हयगय नको. आपलं ठरलंय ते विसरू नका. पाडव्यापर्यंत गवताने जीव धरला, तर पुण्याला चला म्हणून मी पुन्हा तोंड उघडणार नाही. वाळलं, तर तुम्ही घरात नव्हतात असं समजून तुम्हाला न्यायला येईन.

लोभ आहेच, तो असू द्या आणि बी.पी.ची गोळीही घेत चला.

तुमची,
माधुरी

सोनई, २ फेब्रुवारी

चि. माधुरीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. जन्मभर हराळी खणून माझी कंबर गेली, आणि म्हातारपणी पोरीनं गवतालाच पाणी घालायला बसवलं. आपलं रान वाट्यानं करणारा भागवत बघून गेला. त्याला आधी कांद्याचं रोप वाटलं. गवत आहे म्हटल्यावर विचारतो की म्हशीला चालंल का. नाही म्हणालो, तर माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघत गेला.

पाणी घालतो, पण तुझं गवत जागचं हलत नाही. लावलंस तेवढंच आहे. सकाळी उठलो की आधी तेच बघतो. मला पुण्याला यायचं नाही माधुरी. नितीनराव देवमाणूस आहेत, तुझ्याकडे काही कमी नाही, पण चौथ्या मजल्यावर मी काय करू? इथंही करमत नाही हे खरं. घर खायला उठतं म्हणून एसटीत जाऊन बसतो. पण संध्याकाळी परत यायला मला हेच घर लागतं.

पीक का येत नाही ते माझ्या ध्यानात आलंय आणि त्याचा बंदोबस्तही करणार आहे. शेतकऱ्याला शेती शिकवू नये. सृष्टीला आजोबांचा गोड पापा.

लोभ कर, पण पाडव्याची गाडी ठरवू नकोस.

तुझा,
नाना

पुणे, ४ मार्च

ती. नानांना नमस्कार.

खुशालीचं आज लिहवत नाही. आत्याचा फोन आला होता. तुम्ही जांभूळ छाटलीत? भागवतला वर चढवून सगळ्या फांद्या उतरवल्यात, नुसता बुंधा आणि दोन ठोंब उरलेत म्हणे. गवत उन्हानं पिवळं पडलंय. आत्या रडत म्हणाली की वैनीनं लावलेलं झाड हुतं ते, पन दादाला कोन सांगनार.

नाना, ते सावलीतच येतं म्हणून तर आणलं होतं! पत्रात लिहिलंही होतं. आईने धुण्याचं पाणी घालून वाढवलेली जांभूळ. मला राग आलाय आणि भीतीही वाटतेय. तुम्ही घरात नसायचात म्हणून घोर होता, आता घरात राहून तुम्ही हे असं करायला लागलात. पाडव्याची वाट मी बघत नाही. बावीस तारखेला, शनिवारी, गाडी घेऊन येते. पिशवी भरून ठेवा.

लोभ कमी झालेला नाही, म्हणूनच इतकं लिहिलं.

माधुरी

सोनई, ११ मार्च

चि. माधुरीस आशीर्वाद.

तू रागावलीस ते बरोबर आहे. बांधावर झाड असलं की त्याच्या सावलीतल्या सऱ्या पोसत नाहीत, तेव्हा आधी फांद्या उतरवायच्या, हे मला बापानं शिकवलं आणि मी आयुष्यभर तेच केलं. तू सावलीचं लिहिलेलं वाचलं होतं. वाटलं, नर्सरीवाल्यानं शहरातली बाई बघून टोपी घातली. पाडवा जवळ येत होता, गवत वाढत नव्हतं, धीर सुटला. फांद्या खाली आल्या, अंगणात एकदम ऊन पडलं आणि मग कळलं की तुझ्या आईची बसायची जागाच मी मोडली.

तिसऱ्या दिवशी तिची पेटी उघडली. ती गेल्यापासून उघडली नव्हती. तिचं हिरवं लुगडं काढलं, चार मेढी रोवल्या आणि गवतावर बांधलं. पण ऊन एका जागी थांबत नाही. सकाळी एकीकडून शिरतं, दुपारनंतर दुसरीकडून. लुगड्याची टोकं सारखी सोडावी लागतात, बांधावी लागतात. म्हणून बाज तिथंच टाकली आहे. जेवण तिथं, गोळीही तिथंच. एसटी कधी येते, कधी जाते, पत्ता लागत नाही. भागिरथी म्हणते की गल्ली हसतीया. हसू दे.

पैज मी हरलो. अर्धं गवत गेलं. तू ये, मी कुरकुर करणार नाही. फक्त जांभळीच्या ठोंबांना तांबूस कोंब फुटलेत. सावली धरायला निदान एक पावसाळा जाईल. तोवर मी तुझ्याकडे आलो तर लुगडं कोण फिरवणार? तेवढं सांग, मग पिशवी भरतो.

लोभ असावा, असं आज भीत भीतच लिहितो.

नाना

पुणे, १७ मार्च

ती. नानांना माधुरीचा नमस्कार.

तुमचं पत्र मला अर्ध्यापुढे वाचवेना, पुढचं नितीनने वाचून दाखवलं.

पिशवी भरू नका. शनिवारी मी येते आहे ती राहायला, पाडवा करूनच परतेन. पैज मीच लावली होती, मीच मोडते. अर्धं गवत राहिलंय ना, मग झालं.

आईची मोतिया इरकल मी तिच्या माघारी मागून आणली होती. एकदाही नेसवली नाही, कपाटातच आहे. ती घेऊन येते. मावळतीच्या बाजूने बांधू, म्हणजे दुपारी तुम्हाला सारखं उठावं लागणार नाही.

तुमच्या लोभावर माझा हक्क आहेच, बाजेवरही थोडी जागा ठेवा.

तुमची,
माधुरी