जांभळ्या डागासकट माझी वाटणी

आमच्या गेम पार्लरमधल्या सगळ्यात जुन्या मशीनच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, जांभळा डाग उमटला त्या संध्याकाळी माझं सगळंच बदललं. तोवर काउंटरवाली माझ्याशी फक्त टोकनांपुरतं बोलायची. त्या दिवशी ती खेळता खेळता थांबली, मला हाक मारली आणि म्हणाली, "अरे, हे आकाश असं सुजल्यासारखं काय दिसतंय?" तेव्हापासून ती रोज संध्याकाळी त्या मशीनवर खेळते, मी शेजारी उभा राहून डागाकडे बघतो, आणि खरं सांगायचं तर डागाकडे कमीच बघतो.

उद्या सकाळी भंगारवाला ते मशीन न्यायला येणार आहे. बाकीची मशीनं नव्या चपट्या पडद्यांची, त्यांना माझी गरज नाही. म्हणजे मशीन गेलं की मी गेलो, आणि मग काउंटरसमोर उभं राहायला निमित्त काय? म्हणून आज चालू मशीनच्या पाठीत हात घालणार आहे. तिथे काचेच्या नळीच्या मानेवर रंग जुळवायची कडी असतात आणि शेजारीच माणसाला भिंतीवर फेकेल इतकी वीज. मला हे काम शिकवणारे उस्ताद नेहमी सांगतात, पाठीत हात घालण्याआधी मृत्युपत्र लिही आणि डावा हात खिशात ठेव. फाटका खिसा शिवून घेतला आहे. राहिलं मृत्युपत्र.

तरी मी, खाली सही करणारा, दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलेला, गेम मशीनचा कारागीर, ज्याला लोक 'भडक्या' म्हणतात, आज माझं डोकं ठिकाणावर असताना (ते किती वेळ राहील याची हमी नाही) कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की:

कलम पहिलं. माझं सोल्डरिंग आयर्न आणि लांब दांड्याचे पेचकस उस्तादांना द्यावेत. तसे ते त्यांचेच आहेत, पण देण्यात मजा असते. पडद्याला चिकटलेलं चुंबकत्व घालवायचं तारेचं गोल वेटोळं मात्र मी स्वतः गुंडाळलं आहे. सकाळी ते पडद्यासमोर फिरवलं की डाग जातो, संध्याकाळी पुन्हा हजर. लाल आणि हिरव्या तारांची अदलाबदल करून पाहिली, तर खेळातल्या नायकाचा लाल शर्ट हिरवा झाला, डाग जागचा हलला नाही. मागच्या पट्टीवरचे सोल्डरचे सगळे टाके नव्याने दिले. डागाला माझ्यापेक्षा जास्त जिद्द आहे.

कलम दुसरं. माझी सायकल ताईला. ताई वकिलाकडे टायपिस्ट आहे, हा सगळा मजकूर कसा लिहायचा ते तिनेच शिकवलं. तिने एक गोष्ट बजावून सांगितली: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. सही केली की वाटा बुडाला. हे ध्यानात ठेवून पुढे गेलो.

बाबांना कॉलेजची बॅग, आतल्या कोऱ्या वह्यांसकट. मी प्रयोगशाळेत सरांशी भांडून घरी आलो त्या दिवसापासून बाबा जेवताना म्हणतात, "इंजिनियरसाहेब, मीठ सरकवता का?" मी मीठ सरकवतो. हा सन्मान यापुढे ताईला मिळावा.

कलम चौथं, म्हणजे खरं तिसरं. चौकातल्या टीव्हीवाल्याने माझा मल्टिमीटर नेला तो परत दिला नाही. तो त्याच्याकडेच राहू द्यावा. मीटर चुकीचं दाखवतो, हे त्याला कुणीही सांगू नये. मशीनकडे लांबूनच बघून "ट्यूब मेली, फेकून द्या" असं मालकांना सांगणारा हाच. त्यावर मी त्याला काय बोललो ते कायदेशीर कागदावर लिहिण्यासारखं नाही.

मालक हे काउंटरवालीचे मामा. त्यांच्यावर माझा राग आहे तो माझ्याबरोबरच जावा. भाचीच्या मामाशी वैर परवडत नाही.

कलम शेवटचं. काउंटरवालीस,

(या ओळीवर पुष्कळ वेळ गेला. जागा कोरी सोडतो.)

इथून पुढचं दुसऱ्या पेनाने लिहितो आहे, कारण मधे बरंच घडलं.

पहिले साक्षीदार उस्ताद. त्यांनी न वाचता सही ठोकली (वाटा बुडाला तरी अवजारं त्यांचीच आहेत) आणि म्हणाले, मरायचंच झालं तर लेका आधी मशीन बंद कर, बिल वाढतं. दुसऱ्या सहीसाठी काउंटरवालीला बोलावलं. मशीन मागच्या दुरुस्तीच्या खोलीत आणून चालू ठेवलं होतं, नुकतंच वेटोळं फिरवलेलं, आकाश स्वच्छ निळं. ती आली, सवयीप्रमाणे पर्स पडद्याच्या उजव्या कोपऱ्याला टेकवून ठेवली, पेन घेतलं. आणि आमच्या डोळ्यांदेखत कोपरा जांभळा झाला.

मी पर्स उचलली. डाग फिका पडला. परत ठेवली. डाग गडद.

पर्समध्ये काय आहे विचारलं तर ती आधी सांगेना. मग तिने दोरी बांधलेलं गोल चुंबक बाहेर काढलं. फाटक्या स्पीकरमधून काढून मीच तिला दिलं होतं, काउंटरखाली पडलेली लोखंडी टोकनं उचलायला. मला वाटायचं ते तिच्या ड्रॉवरमध्ये असतं.

"ड्रॉवर सगळे उघडतात," ती म्हणाली. "ही वस्तू मला दिली होतीस ना?"

उस्ताद म्हणाले, काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कधी नव्हे ते खोलीबाहेर गेले. वेटोळं फिरवलं, डाग गेला तो गेलाच. मालकांनी येऊन पडदा पाहिला आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. मागचं झाकण उघडावंच लागलं नाही.

पण कागद तिच्या हातात होता. ती एकेक कलम वाचत, मिठाच्या जागी हसत, कोऱ्या ओळीपाशी आली.

"इथं काय आहे?"

मी म्हणालो, लिहायला जमलं नाही.

"आणि मी साक्षीदार?"

मी ताईचा नियम सांगितला. सही केलीस तर तुला काही मिळणार नाही. तिने पेनाचं टोपण लावलं, कागद माझ्या हातात दिला.

"मग मी सही करणार नाही, भडक्या. दुसरा कुणी बघ."

एवढं बोलून ती चुंबक माझ्या टेबलावर ठेवायला वाकली, मग विचार बदलून पुन्हा पर्समध्येच टाकलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. अजून बसली आहे, खिडकीतून दिसते.

साक्षीदार पहिले: उस्ताद (सही आहे, चष्म्याशिवाय केलेली).
साक्षीदार दुसरे: नकार. कारण वर नमूद.
लिहून ठेवणार: भडक्या.
स्थळ: पार्लरच्या मागची दुरुस्तीची खोली.
दिनांक: डाग गेला तो दिवस.

साक्षीदार अपुरे असल्याने हे मृत्युपत्र लागू होत नाही, आणि तूर्त मरायला मला सवडही नाही. कोरी ओळ तोंडीच सांगतो. मशीन बंद केलं, पर्स पडद्यापासून लांब ठेवायची हे तिला सांगायचं आहे, निघालो, दार लावून घेतो.