मागच्या सीटवरची लेक

१० नोव्हेंबर

सुखरूप सोलापूरला पोचलो. एसटीत मी सारखा पिशव्या चाचपत होतो, तर माझी म्हातारी केराबाई म्हणाली, पिशव्यांना पाय फुटल्यात व्हय, गप बसा की. करकंबचं घर कुलूप लावून आलोय. कुलूप नीट लागलं का ते आता आठवत नाही.

लेकाचं, मल्हारचं घर सात रस्त्यापासून जवळ, गल्लीत आहे. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यासमोर गाडी लावायला जागा. पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणे. ते ऐकून मला घोर लागला, कारण घरात आता बाळंतीण असणार. मल्हारची पोर, माझी नात ऋतुजा बाळंतपणाला आली आहे. तिची आई ती लहान असतानाच गेली, केराबाईनंच तिला वाढवलं, म्हणून हे काम आम्हा म्हाताऱ्यांच्या अंगावर आलं. पोरीचा चेहरा भरला आहे. बघून बरं वाटलं.

ही वही तिनंच दिली. म्हणाली, आजोबा, तुमी दिवसभर कायबाय घोकत बसता, ते हितं लिहा, मला ऐकवू नका. माझी शाळा सातवीत सुटली, मग मेंढरांमागं गेलो. पण अक्षर चांगलं आहे. मास्तर म्हणायचे तसं.

१२ नोव्हेंबर

मल्हारनं गाडी आणली. पांढरी आहे, जुनी, पण नव्यासारखी चकचकीत. ऐन वेळेला रिक्षा मिळाली नाही तर काय, म्हणून घेतली. मला हे पटलं. मी तर आल्यापासून त्याच काळजीत होतो.

विकणारा सोमशेखर शेठ स्वतः किल्ली द्यायला आला होता. जुन्या गाड्यांचा त्याचा धंदा आहे. अंगठ्या, अत्तर, गोड बोलणं. म्हणाला, एका डॉक्टरीणबाईची गाडी, देवळाशिवाय कुटं गेली न्हाय. मी विचारलं की ही कधी धडकली-बिडकली होती का. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आजोबा, नव्या नवरीला असलं इचारत्यात व्हय? सगळे हसले. मीही हसलो.

चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. संध्याकाळी केराबाईनं ऋतुजाची ओटी भरली. मग तिच्या मनात आलं की गाडीसुद्धा आजच दारात आली, तिला का ठेवा उपाशी. मागच्या सीटवर खण, तांदूळ, नारळ, हळकुंड ठेवलं, सीटला कुंकू लावलं आणि म्हणाली, तूबी या घरची लेक, माहेरी आलीस, सुखानं राहा. मल्हार म्हणाला, आई, गाडीला ओटी कोण भरतं? ती म्हणाली, मी भरते की.

१५ नोव्हेंबर

ऋतुजाला दवाखान्यात नेऊन आणलं. मी पुढं बसलो, त्या दोघी मागं. गाडी छान पळते.

एक-दोन गोष्टी मनात राहिल्या, त्या लिहून टाकतो. परत येताना ऋतुजा कडेला सरकून अंग चोरून बसली होती. म्हणाली, मधी जागाच न्हाय. मी मागं बघितलं. त्या दोघीच होत्या आणि मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. उतरल्यावर मी त्या जागेवर हात ठेवला, तर ती उबदार लागली.

ओटीचं सामान सीटवर नव्हतं. केराबाईनं उचललं नाही, मल्हारनं नाही, ऋतुजानं नाही. गाडीला कुलूप असतं. खण गेला, समजा वाऱ्यानं गेला. नारळ कुठं जाईल?

१९ नोव्हेंबर

आज गाडी पुसायला घेतली, नाहीतरी दिवसभर करायचं काय. मागच्या सीटपुढची चटई उचलली. खाली पत्र्यात एक जोड आहे. ह्या दारापासून त्या दारापर्यंत, आडवा. वरून रंग दिलाय, पण बोट फिरवलं की कळतं.

घोंगडीच्या दोन पट्ट्या मधोमध शिवलेल्या असतात. जन्मभर तीच अंगावर घेतली, तेव्हा दोन तुकड्यांचा जोड मला ओळखू येतो. ही एक गाडी नाही. पुढचा तुकडा एकीचा आणि मागचा दुसरीचा.

मल्हार तसाच शेठकडं गेला. शेठ म्हणाला की जुनी गाडी म्हटल्यावर असं कायबाय निघणारच, घेताना डोळे मिटले होते का, आणि कोर्टात जा, माझं तिथं रोजचं येणं-जाणं आहे. मल्हार लाल होऊन परत आला. जेवला नाही. मला फार राग आला. पोटुशी पोर ज्या गाडीतून न्यायची, ती असली दिली त्यानं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून दिली.

२१ नोव्हेंबर

केराबाईनं सकाळी ऋतुजाला न्हायला पाणी काढलं. मग दुसऱ्या बादलीत काढलं. मी विचारलं, हे कुणाला? म्हणाली, तिला नको व्हय? आणि माझ्याकडं असं बघितलं, जसा काय मीच वेडा आहे.

डिंकाचे लाडू दोन डब्यांत भरलेत. जेवताना एक ताट जास्त वाढते. ताट रिकामं होतं. मी डोळ्यांनी बघत बसलो होतो, शिंक आली, डोळे उघडले तर ताट पुसल्यासारखं होतं.

२३ नोव्हेंबर

ऋतुजा सुकत चालली. खाते ते अंगाला लागत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचे ठोके मंद आहेत, लक्ष ठेवा. आम्ही रिक्षातून गेलो होतो. त्या गाडीत तिला आता मी बसू देणार नाही. परत आलो तर गाडीच्या मागच्या काचेला आतून वाफ धरली होती, आणि वाफेत पंजा होता.

२५ नोव्हेंबर

आज सगळं कळलं. जसं घडलं तसं लिहितो.

मल्हार अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गॅरेजात जोड दाखवायला निघाला. मी बरोबर गेलो. गॅरेज आलं आणि मागं गेलं. मल्हार म्हणाला, दादा, बिरेक दाबतोय, ऐकंना झालीय. चेहरा पांढरा पडला होता त्याचा. गाडी आपल्या चालीनं वळसंगात गेली, एका घरासमोर थांबली आणि बंद पडली.

घरातून एक म्हातारी आली. तिचं नाव चंद्रव्वा. तिनं मागच्या दारावरून हात फिरवला, दाराच्या आतल्या कडेवर एक ओरखडा होता तो चाचपला आणि खाली बसली. नन्न मगळु, नन्न मगळु, माझी लेक, असं म्हणत राहिली.

तिची लेक महेश्वरी. माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या म्हणून ह्याच गाडीतून तिला सोलापूरला नेत होते. रस्त्यात मोठा खड्डा आला आणि गाडी मधोमध दुभंगली. पुढचे दोघं पुढच्या तुकड्याबरोबर गेले आणि वाचले. महेश्वरी मागच्या तुकड्यातून फेकली गेली, ट्रकखाली. जावयानं नंतर बघितलं तर पत्र्यात जुना जोड होता, तिथंच तुटली होती. ती गाडीसुद्धा सोमशेखर शेठनंच विकली होती, डॉक्टरीणबाईची म्हणून. विमावाल्यांनी ती मोडीत काढली, रस्त्यावर आणायची नाही असं सांगितलं. ते भंगार शेठनंच उचललं, तोडून टाकतो म्हणाला. आणि मागच्या तुकड्याला नवं तोंड जोडून आम्हाला दिली.

शेठ त्यांच्या दारावर आला होता का, हे मी विचारलं. चंद्रव्वा म्हणाली, आलता की. म्हणला, तुमी वंगाळ चालवली. च्या पिऊन गेला.

केराबाईनं ओटी भरली हे मी तिला सांगितलं. तिनं पदरानं मागची सीट पुसली. मग म्हणाली, बाळंतपण व्हायचं ऱ्हायलंय तिचं. तुमी माहेर दिलंत. आता ती हितं येणार न्हाय.

२७ नोव्हेंबर

केराबाई आज थोडी शुद्धीवर होती. मी सगळं सांगितलं. ती रडली. म्हणाली, एका छपराखाली दोन बाळंतपणं होत न्हाईत, एकीला जावं लागतं.

मग उठली आणि दुसऱ्या बादलीत पाणी काढलं.

ऋतुजा पडून असते. झोपेत कानडी बोलते. तिला कानडी येत नाही.

२८ नोव्हेंबर

दुपारी गाडीत जाऊन बसलो. मागं, तिच्या शेजारी. दिसत काही नाही, पण सीट दबलेली होती. मी म्हटलं, पोरी, मी तुझ्या माहेरचा म्हातारा आहे. तुला काय पाहिजे ते मला सांग, माझ्या नातीला सोड.

काही नाही.

म्हटलं, डॉक्टर आणू? तुझ्या आईकडं नेऊ? काही नाही.

मग म्हटलं, सोमशेखर.

किल्ली घरात खुंटीवर होती — आणि इंजिन सुरू झालं. माझ्या हातावर एक हात आला. थंड. कानापाशी म्हणाली, अप्पा. कानडीत बापाला म्हणतात तसं.

मी घाबरलो. पण खरं लिहायचं तर — बरंही वाटलं. आमचा राग एकाच माणसावर होता.

३० नोव्हेंबर

शेठला फोन केला. सांगितलं, गाडी परत घ्या, आम्हाला पैसेही परत नकोत. तो लगेच मऊ झाला. म्हणाला, आजोबा, तुमीच काय ते शाणे हाय घरात. उद्या स्वतः येतो. त्याचं गाड्या ठेवायचं आवार अक्कलकोट रस्त्याला आहे. मी म्हटलं, मलाही वळसंगपर्यंत सोडा.

मल्हारला सांगितलं नाही.

१ डिसेंबर

सकाळी ऋतुजाला कळा. रिक्षातून नेलं, मल्हार आणि केराबाई गेले. मल्हारनं फोनवर सांगितलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके लागत नाहीत — कापावं लागेल —

मी घरीच राहिलो. शेठ आला. अत्तराचा वास. पुढं बसा म्हणाला. मी मागं बसलो.

चालत्या गाडीत लिहितोय, म्हणून अक्षर असं.

सात रस्ता गेला. शेठ गाणं म्हणतोय. ती शेजारी आहे. माझा हात धरलाय तिनं. कळ आली की आवळते.

आता शेठ गप्प झाला. आरशात बघतो. विचारतो, मागं कोण हाय. मी म्हटलं, माझी लेक.

त्याचं आवार मागं गेलं. बिरेक दाबतोय. दार ओढतोय. काच फोडायला बघतोय —

फोन आला. मल्हार. मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत. बाळ लई रडतंय म्हणाला. मला ऐकवलं.

सुटलो. माझं काम झालं. आता हे थांबलं तरी चालेल —

शेठनं ऐकलं. मागं वळून हात जोडतोय. म्हणतो, आजोबा, तुमचं सगळं बरं झालं की, तिला सांगा, ती तुमचं ऐकंल, मला पोरंबाळं हायत —

खरं आहे. ऐकेल ती. माझा हात सोडून तिनं माझ्याकडं तोंड केलंय. वाट बघते. मी पुरे म्हटलं की पुरे. एवढंच म्हणायचं —

ट्रक येतोय समोरून —

शेठ रडतोय. च्या पिऊन गेला होता हा. त्या म्हातारीच्या दारात बसून —

ती विचारते, अप्पा?

मी तिला म्हटलं,