कपाटातला सव्विसावा भाग

लिहून ठेवणार मी, टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा, वय वर्षे एकोणसत्तर, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. डोके ठिकाणावर आहे. डावा कान सोडला तर बाकीची इंद्रियेही अजून कामावर येतात. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून सही मागितलेली नाही. शेजारच्या वकीलवहिनींनी मसुदा करून दिला होता, पण तो वाचताना कोणा भलत्याच भल्या माणसाचा वाटला, म्हणून स्वतःच्या हाताने पुन्हा लिहीत आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले, आणि डॉक्टरांचा चेहरा पाहता शेवटचेही.

घरादाराची व्यवस्था दोन ओळींत होण्यासारखी आहे. हा कागद खरे तर कलम सहासाठी आहे. अठरा वर्षांपूर्वी मी एका बाईला सर्वांसमक्ष खोटे ठरवले. ती खरे बोलत होती, आणि ते मला त्या दिवशीही माहीत होते. जाण्याआधी एवढे लेखी द्यायचे आहे.

कलम १. वरच्या खोल्या, खालचे दुकान आणि बँकेत असेल ते सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीला. दुकानाचे काय करावे याबद्दल जावयांनी सल्ला देऊ नये. त्यांचे सल्ले मी बावीस वर्षे ऐकले, एकही पाळला नाही, आणि दुकान अजून उभे आहे.

कलम २. सोल्डरिंगची हत्यारे आणि मल्टिमीटर समोरच्या मोबाइलवाल्याला. तो माझ्या धंद्याला भंगार म्हणतो आणि दर आठवड्याला मल्टिमीटर मागायला येतो. आता निदान परत आणून देण्याचे त्याचे कष्ट वाचतील. व्हिडिओ प्लेअर मात्र कलम सहाचे काम होईपर्यंत कोणी हलवू नये.

कलम ३. काउंटरखालचा जुना संगणक आणि त्यात असलेला ‘लाल कक्षा’ हा चर्चामंच. संगणक मुलीला, मंच कोणाला ते कलम सातात. मंच म्हणजे काय ते मुलीला ठाऊक आहे, जावयांसाठी लिहितो. आम्ही साठ-सत्तर डावी मंडळी विज्ञानकथा आणि जपानी कार्टून पाहत असू, आणि त्यांत राजकारण शोधत असू. (तरुण सभासद दर वेळी चूक सुधारत, ‘काका, कार्टून नाही, ॲनिमे म्हणा.’ म्हटले, बरे.) कोणी कोणाचा चेहरा पाहिलेला नव्हता. प्रत्येकाने आपापले नाव घेतले होते. मी ‘फ्यूज’. संगणक माझ्या काउंटरखाली, म्हणून मंचाचा संचालकही मीच. वासरांत लंगडी गाय शहाणी.

परग्रहावरचे लोक म्हणजे वसाहतवाले की विस्थापित, यंत्रमानवाला संपाचा हक्क आहे की नाही, भविष्यातल्या जगात पैसा नाही तर मग झाडू कोण मारतो, असल्या प्रश्नांवर आम्ही एकमेकांचे गळे धरले आहेत. आज हसू येते. पण त्या काळात सकाळी शटर वर केले की आधी संगणक सुरू व्हायचा आणि मग दिवा. आपण जगाच्या नकाशावर कुठेतरी आहोत असे वाटायचे. तसे मला पुन्हा कधी वाटले नाही. आता मंचावरची शेवटची नोंद सात वर्षांपूर्वीची आहे, आणि तीही कोणी गाद्या विकणाऱ्याने टाकलेली.

कलम ४. माझी फिरती खुर्ची ‘भोंगा’ यांना. भोंगा म्हणजे निवृत्त शाळामास्तर. आमचे सगळ्यांचे लाडके ॲनिमे ‘खाण क्रमांक नऊ’. चंद्रावरची खाण, कंपनीची मालकी, राक्षसाएवढी चालती यंत्रे आणि ती चालवणारे कामगार. अकराव्या भागात ते संपावर जातात. मास्तरांनी अकरा महिने असा वाद घातला की यंत्राच्या डोक्यात बसणाऱ्याला खुर्ची मिळते, सबब तो कामगार नसून मध्यमवर्गीय होय. मास्तर, आता तुम्हीही खुर्चीवर बसा आणि सांगा कोण झालात ते.

कलम ५. निळ्या फाइलमधले छापील कागद मुलीला. तिच्या आईची ती एकमेव राजकीय कामगिरी. एकदा मी जेवत असताना हिने माझ्या नावाने मंचावर लिहिले, ‘या खाणीत चाळीस माणसं जेवतात. भांडी कोण घासतं?’ त्यावर दोनशे बारा उत्तरे आली. तीन जणांनी मंच सोडला, एकाने लेखमाला लिहिली. ही वाचून म्हणाली, “एवढ्या वेळात घासून झाली असती.” हिला जाऊन सहा वर्षे झाली. फाइल जपून ठेवावी.

कलम ६. आता मुद्द्याचे.

‘खाण क्रमांक नऊ’चे भाग सव्वीस. आमच्याकडे होते पंचवीस. शेवटचा भाग जपानात एकदाच दाखवला गेला, मग मालिका बनवणारी कंपनी बुडाली, आणि तो भाग कोणाच्याच हाती लागला नाही. पंचविसाव्या भागात संपकरी बंद दरवाजासमोर उभे आहेत, तिथेच आमची गोष्ट थांबायची. पुढे ते जिंकतात, हे सभासदांनी एकमताने ठरवून टाकले होते.

पंचवीस भागांचे मराठी करून दिले ते ‘तिसरी पाळी’ हिने. ती इस्पितळात परिचारिका. तिचे वडील जहाजदुरुस्तीच्या कामावर जपानात होते, त्यामुळे लहानपणीची पाच वर्षे तिने तिकडे काढली होती. ड्यूटीवरून घरी आली की चहाचा कप घेऊन बसायची आणि एकेक वाक्य लिहून पाठवायची. मी ते चित्राखाली बसवायचो. दोन वर्षे असे चालले. तिने कधी काही मागितले नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी ‘मराठी: तिसरी पाळी’ एवढी ओळ यायची.

त्याच सुमारास दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बाटल्यांच्या कारखान्यात संप झाला. दादा भट्टीवर होता. संपवाले दुपारी दुकानात जमायचे आणि मी त्यांना हे ॲनिमे लावून द्यायचो. पन्नाशीची माणसे पोरांसारखी मान वर करून बघायची. कारखान्याच्या फाटकावरच्या आपल्या पहाऱ्याच्या तुकड्यांना त्यांनी त्या यंत्रांची नावे दिली होती. “आपला शेवट कधी येतोय रे?” असे दादा रोज विचारायचा.

संपाच्या पाचव्या महिन्यात एका खलाशाने जुन्या बाजारात मिळालेली टेप माझ्याकडे आणून टाकली. सव्विसावा भाग. दुकान आतून लावून घेतले आणि एकट्याने पाहिला. भाषा कळत नव्हती, पण कळायला भाषा लागत नव्हती. ते हरतात. रांगेने दरवाजातून आत जातात आणि मुकादम त्यांना मोजून घेतो.

मी टेप कपाटात, जुन्या पिक्चर ट्यूबच्या मागे ठेवली. दादाला आत्ता हे दाखवायचे नाही, एवढेच मनात होते. तिथवर मला अजूनही माझा राग येत नाही.

तीन आठवड्यांनी तिसरी पाळीने मंचावर लिहिले, “शेवटी ते हरतात. मी आठ वर्षांची असताना पाहिलंय. पण हरल्यावर जे होतं तेच खरं महत्त्वाचं आहे, मी सांगते.” तिला सांगू दिलेच नाही कोणी. पराभूत मनोवृत्ती म्हणाले, मालकांची हेर म्हणाले. भोंगा म्हणाले, लहानपणीच्या आठवणीला पुरावा म्हणत नाहीत. तिने मला एकट्याला निरोप पाठवला: “फ्यूजभाऊ, तुम्ही तरी म्हणा, की मी खोटं का बोलेन?”

मी मूग गिळून गप्प बसलो. वर मतदान घेतले. एक्केचाळीस विरुद्ध सहा. तिला काढून टाकण्याचे बटण मी दाबले. मग, हे कोणी सांगितलेही नव्हते, पंचवीसही भागांच्या शेवटची तिची ओळ मी पुसली.

संप सातव्या महिन्यात मोडला. दादा खाली मान घालून आत गेला आणि दोन वर्षे दुकानाची पायरी चढला नाही. चार वर्षांपूर्वी शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर असताना त्याने विचारले, “अरे, त्या खाणवाल्यांचं शेवटी काय झालं?” मी म्हणालो, “माहीत नाही, दादा.”

आणि टेपमध्ये पुढे हे आहे. आत गेल्यावर दुसऱ्या दिवशी यंत्रे सुरू करायची वेळ होते आणि सगळे एकदम हात खाली ठेवून उभे राहतात. एक मिनिट. संपात मेलेल्या सोबत्यासाठी. मुकादम ओरडतो, शिट्टी मारतो. कोणी हलत नाही. मग स्वतःहून कामाला लागतात. त्यानंतर रोज तसेच, शेवटच्या चित्रापर्यंत. कोणाचीही मान खाली नाही. हे दादाला दाखवायला हवे होते. तो वेगळ्या मानेने जगला असता. त्याला वाचवायचे म्हणून मी जे लपवले, त्याचीच त्याला सर्वांत जास्त गरज होती. हे मला फार उशिरा कळले, आणि कळल्यापासून ते जात नाही.

तरी मी लिहून देतो की तिसरी पाळी खरे बोलत होती, टेप माझ्याकडे होती, आणि मतदान खोटे होते. हे कलम मंचावर सर्वांत वर लावावे.

कलम ७. सव्विसाव्या भागाची टेप, व्हिडिओ प्लेअर आणि मंचाची सर्व मालकी तिसरी पाळी हिला. ठेवावे, मोडावे, तिची मर्जी.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

इस्पितळाच्या पत्त्यावर पत्र पाठवून मी तिला बोलावले होते. येईल असे वाटले नव्हते. आली. केस पांढरे झालेत, आता मुख्य परिचारिका आहे. इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा आज पहिल्यांदाच पाहिला. मास्तर साक्षीसाठी आणि वकीलवहिनी कागद तपासायला आधीच येऊन बसले होते. मास्तर उठून उभे राहिले.

टेप लावली. त्या एका मिनिटाला तीही उभी राहिली. मग वरची सगळी कलमे तिने सावकाश वाचली, आणि वकीलवहिनींना विचारले, “दुसरा साक्षीदार कोण?”

“अजून ठरायचाय. समोरच्या मोबाइलवाल्याला बोलावू.”

“त्यालाही आत मल्टिमीटर आहेच की. मी करते सही.”

वहिनी म्हणाल्या, “अहो, मास्तरांनाही खुर्ची सोडायला लावलीय मी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीला बसू नये. उद्या कोणी वाद काढला तर तुमचं जे काही आहे ते जाईल.”

“मग माझं नाव काढा.”

मी म्हणालो, “बाई, ती टेप तुमची आहे.”

“टेप घेऊन काय करू, फ्यूजभाऊ? मी ती पाहिलीय. तेवढंच तर म्हणत होते मी तेव्हा.”

माफ केले का, हे मी विचारले नाही. विचारण्याचा हक्क माझा नाही. तिनेही सांगितले नाही. पेन मात्र मागून घेतले.

सबब कलम चार व कलम सात रद्द. खुर्ची दुकानातच राहील. टेप, प्लेअर व मंच मुलीकडे. तिने सव्विसावा भाग सर्वांना खुला करावा, मराठी तिसरी पाळीने करायचे कबूल केले आहे. पुसलेली ओळ पंचवीसही ठिकाणी परत यावी. हे काम मी हयातीतच सुरू केले आहे, तीन भाग झाले. उरलेले मुलीने पुरे करावेत.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, खोडाखोड मान्य करून सही केली.

ठिकाण: दुकान, काउंटरपाशी.
दिनांक: १९ जानेवारी २०२६, सोमवार.

(सही) फ्यूज, टीव्ही-रेडिओ दुरुस्ती

साक्षीदार १: (सही) भोंगा, निवृत्त शाळामास्तर. एक्केचाळिसांपैकी एक.

साक्षीदार २: (सही) तिसरी पाळी, परिचारिका. वरील सही माझ्यासमोर झाली. मी स्वतः पाहिले आहे.