खाऱ्या टाकीतले किडे

३ ऑगस्ट

नाही, मी जास्त खायला घालत नाही! दिवसाला एक चिमूट, ती पण सहनानने ठेवलेल्या चमच्याने. माझा हा पोरगा बोटीवर नोकरीला गेला आणि ही खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या गळ्यात बांधून गेला. सात मासे, दगड, दगडावर त्याचं ते लाडकं पोवळं. आणि आता किडे. तांबडे, केसाळ, वीतभर लांब. दगडाच्या भोकाभोकातून डोकावतात. इतके दिवस नव्हते, आत्ताच कुठून उपटले?

५ ऑगस्ट

हातानेच धरायला गेले. लहानपणी वर्षातून एकदा पहाटे समुद्रात उतरून आम्ही न्याले किडे ओंजळी भरभरून काढायचो, खोबऱ्यात परतून खायचो. मला किड्यांचं कुणी शिकवू नये. पण हे ते नव्हेत! बोटांत शंभर कुसळं. चिकटपट्टी लावून उपटत बसले.

आमचे हे टाकीशेजारच्या खुर्चीतून बघत होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिथेच बसतात. म्हणाले, "खोबरं किसू का?" चार महिन्यांतली पहिली थट्टा. अर्धंच तोंड हसतं, पण हसले.

६ ऑगस्ट

बोटं सुजली.

९ ऑगस्ट

दवाखान्यातल्या बाईने यांना काट्यावर घेतलं. अजून दोन किलो कमी. मलाच दटावलं — पोटात नीट गेलं नाही तर पाय परत उचलणार नाही म्हणे, पुढचं तर विचारूच नका. अगं, दोन्ही वेळा ताटली चाटूनपुसून येते! मऊ भात, कुस्करलेला मासा, ताकदीला शेवग्याचा पाला. तुझा काटाच बिघडलाय.

फक्त मी समोर बसलेलं यांना चालत नाही. लाळ गळते, घास सांडतो, लाज वाटते. तू बाहेर जा मग जेवतो, म्हणतात. जाते. अजून काय करू?

१२ ऑगस्ट

एक मासा मेला. पाणी गढूळ. आंपेनानला को लिओंगच्या दुकानात गेले. मासे विकतो, त्याहून जास्त तोंड चालवतो. सापळा म्हणून बाटली दिली, आत कोळंबी ठेवायची. वर मला आई म्हणत शहाणपण —

"इबू, किडे बिचारे उरलंसुरलं खातात. एवढे वाढले म्हणजे तुमच्या घरात कुणीतरी पंगत घालतंय."

मी म्हटलं, चिमूटभर घालते. तो म्हणाला, बरं. असं 'बरं' म्हणाला की ती बाटली त्याच्याच डोक्यात घालावी!

१३ ऑगस्ट

सापळ्यात एक पण नाही. कोळंबीकडे ढुंकून बघितलं नाही मेल्यांनी. पोटं भरलेली. कशाने?

१५ ऑगस्ट

सहनानचा फोन. पोवळं दाखव म्हणाला. दाखवलं — एक बाजू पांढरी पडली आहे. मग विचारलं, वडील कसे आहेत. जेवतात रे बाबा, म्हटलं, तुझी काळजी तुझ्या पोवळ्याला ठेव.

मागचा मोठा दगड मी हलवलेलाच नाही. तिथेच घरटं असणार. यांच्या खुर्चीच्या बाजूला आहे, यांना उठवावं लागेल म्हणून राहिलं.

१७ ऑगस्ट

आज आमचा स्वातंत्र्यदिन. गल्लीत झेंडे, पोरांची दोरीला टांगलेले पापड खायची शर्यत. यांची खुर्ची सरकवली, हातमोजे घालून दगड उचलला.

खाली भात. घास-दोन घास नाही, ढीग. त्यात शेवग्याचा पाला. वर किड्यांचं गाठोडं वळवळतंय.

वळून बघितलं. यांच्या मांडीवर सकाळची ताटली, रिकामी.

"त्यांना तरी भूक लागते," म्हणाले.

याच्यापुढे मी एक अक्षर लिहिणार नाही.