शमीम खरी जिंकली, त्याबद्दल

मी, लालमहंमद वल्द इमाम नालबंद, वय सदुसष्टच्या आसपास, धंदा बैलाघोड्यांना नाल ठोकणे, राहणार तळेगाव दाभाडे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या धाकदपटशाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहितो. बुद्धी ठिकाणावर आहे. अक्षर वेडेवाकडे आले असेल तर ते आनंदाने आले आहे. ताप नाही, खोकला नाही, सकाळी दोन भाकरी खाल्ल्या. मरायची मला अजिबात घाई नाही. लिहायची मात्र आहे, कारण काल शनिवारी माझ्या आठ वर्षांच्या नातीने, शमीमने, मला वाघ-बकरीत हरवले, आणि पोरगी त्यावर विश्वास ठेवायला तयार नाही!

कलम पहिले. राहते घर आणि परस आमच्या शरियतीप्रमाणे बायको ताजुन्निसा व मुलगा बरकत यांना मिळावे. ताजुन्निसाची ट्रंक तिची आहे, तिला कोणी हात लावू नये. मी चाळीस वर्षांत लावलेला नाही. एकदा लावला होता, तेवढा पुरे झाला.

कलम दुसरे. हातोडी, कानस आणि खुरे तासायची हत्यारे बरकतला. तो पिंपरीच्या कारखान्यात फिटर आहे, बैलाच्या वाऱ्याला उभा राहत नाही, पण हत्यार ओळखतो. मोठी पकड सोपानराव सुताराकडे आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेली, त्याला नऊ वर्षे झाली. तो आज साक्षीदार म्हणून येणार आहे. हा कागद सर्वांसमोर त्यानेच वाचावा, आणि हे कलम जरा मोठ्याने वाचावे.

कलम तिसरे. मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत मला माझ्या मर्जीने देता येते. बरकत हयात असताना शमीमला वारसाने काही मिळत नाही, म्हणून तिचे इथे लिहितो. दुकानाच्या ओट्यावरचा काळा दगड, त्यावर माझ्या वडिलांनी छिन्नीने कोरलेला वाघ-बकरीचा पट, तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या शमीमच्या. वाघ म्हणजे झिजलेल्या नालांचे तुकडे, बकऱ्या म्हणजे चिंचोके. चिंचोके दरवर्षी नवे लागतात, कारण शेजारच्या पोरी ते भाजून खातात.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो. बकऱ्यांनी मिळून वाघांना हलायलाच जागा ठेवली नाही की वाघ हरला. आमच्या ओट्यावर नंबर लागेपर्यंत गाडीवान माझ्याशी खेळतात. वाघ नेहमी माझे. मला कोणी हरवले तर समोर उभ्या असलेल्या बैलाला फुकट नाल, हा वडिलांपासूनचा रिवाज. आमचा मारुतराव गाडीवान तीस वर्षे त्या फुकट नालाच्या मागे आहे.

कलम चौथे. शमीम दोन वर्षांपूर्वी खेळायला बसली. तिला मी एकदाही सोडले नाही. ती रडली, पट उधळला, ओट्याखाली जाऊन बसली. तिची दादी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणाली, "लेकराला एक डाव दिला तर दाढी गळून पडेल का तुमची?" मी दिला नाही. पोरगी रोज परत आली.

काल मारुतरावचा ढवळा बैल समोर उभा होता. मी चार बकऱ्या खाल्ल्या, मिशीवरून हात फिरवला. शमीमने पाचवी पुढे केली. मी ती खायला गेलो तर पलीकडे जागाच नाही! मागे बघतो तर तिथेही चिंचोका. अकरा बकऱ्यांत माझे तिन्ही वाघ कोंडलेले. मारुतराव ओरडला, "आरं लाल्या, हल की आता! न्हाई ना हलता येत?" न्हाई! नाहीच हलता येत! मी ओट्यावरून उडी मारली, पोरीला खांद्यावर घेतले आणि बाजारपेठेपर्यंत जाऊन आलो. मग गपचूप ढवळ्याला चारी पायांना नाल ठोकले, फुकट. मी मुद्दाम हरलो म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे: मारुतरावला फुकट नाल मिळावा म्हणून मी कधी मुद्दाम हरेन का?

संध्याकाळी बरकत ड्युटीवरून आला. सगळे ऐकले आणि पायातला जोडा काढता काढता म्हणाला, "अब्बा मुद्दाम हरतात. माझ्याशीही हरायचे." पोरीचे तोंड एवढेसे झाले. ती जेवली नाही. "दादा, खरं सांगा, सोडलंत ना मला?" मी शपथ घेतली. ती म्हणाली, "शपथ तर तुम्ही तंबाखू सोडायची पण घेता." मारुतराव म्हणाला, "कागद कर. मरणाच्या कागदावर मानूस खोटं लिवत न्हाई." म्हणून हा कागद.

मी लिहून देतो की शनिवार, तारीख १६ रोजी मी शमीमशी जीव तोडून खेळलो आणि खरा हरलो.

कलम पाचवे. बरकत खोटे बोलला नाही. तो लहान असताना मी त्याच्याशी रोज मुद्दाम हरत होतो. एकुलता पोर, त्याचे हसणे मला हवे असायचे. नऊ वर्षांचा असताना ते त्याला कळले. त्याने तिन्ही वाघ विहिरीत फेकले आणि पुन्हा कधी पटावर बसला नाही. मी नवे वाघ घडवले, पण त्याला बोलवायची हिंमत झाली नाही. बाळा, चूक माझी होती. त्याबद्दल तुला देण्यासारखे माझ्याकडे एकच आहे: ये, बस. तुला सोडणार नाही.

पुरवणी. सोपानरावने वरील मजकूर वाचला. दुसऱ्या कलमापाशी खोकला, घरी गेला आणि पकड घेऊन आला. पाचवे कलम संपले तसा बरकत ओट्यावर येऊन बसला आणि पहिला चिंचोका ठेवला. मी त्याच्या नऊ बकऱ्या खाल्ल्या. हरला. शमीम त्याच्या पाठीवर रेलून बघत होती. म्हणाली, "अब्बा, बघितलंत? दादा कुणालाच सोडत नाहीत!"

बरकत हसला आणि म्हणाला, "परत मांडा." म्हणून सही घाईत करतो.

मुक्काम तळेगाव दाभाडे, रविवार, तारीख १७ नोव्हेंबर १९५७.

सही: लालमहंमद इमाम नालबंद

साक्षीदार:
१. सोपानराव सुतार (पकड परत केली)
२. मारुतराव, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. सांगतो ते लिहिले: "लाल्या खरा हरला. म्या बघितलं हाय."