तार ती तार

३ मार्च
आज कवळी बसली. अख्खी नव्हे, अर्धवट! समोरचे तीनच दात गेलेत, तेव्हा मला कोणी म्हातारा म्हणायचं कारण नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, रात्री काढून पाण्यात ठेवा, शेजारच्या सुळ्यांना धरणाऱ्या तारांना हात लावू नका, सैल वाटली तर माझ्याकडे या. चष्मे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली आणि ही कालची पोर मला तार शिकवतेय.

रविवारी लेकीच्या होणाऱ्या सासरची मंडळी बोलणी करायला येणार. लग्न झालं की लगेच तिला परदेशी न्यायचं म्हणतात. एकुलती एक पोर! ठणकावून सांगणार आहे, निदान वर्षभर थांबा.

५ मार्च
आरशासमोर सराव. ‘थांबा’ म्हटलं की कवळी खाली येते. बायकोनं बाहेरून विचारलं, कोणाशी भांडताय? तिचं मत, डॉक्टरीणबाईंकडे जा. एवढ्याशा तारेसाठी? हॅट.

६ मार्च, दुपार
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बारीक पकडीनं दोन्ही तारा आवळल्या, चष्म्याची काडी आवळतो तशाच. आता हलायचं नाव नाही. वा रे पठ्ठ्या!

संध्याकाळ
निघतही नाहीये. रात्री काढायचा नियम सैल कवळ्यांसाठी असणार.

७ मार्च, शनिवार
उजवा सुळा ठणकतोय. नव्या वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो, गिऱ्हाइकांना मी हेच सांगतो.

संध्याकाळी जोर लावला. कवळी निघाली. सुळाही निघाला. आता ती अडकवायची कशाला? बायकोनं कपाळावर हात मारला. काळजीचं कारण नाही. उद्या तोंडावर रुमाल धरून एकच वाक्य बोलायचं.

८ मार्च
मंडळी चांगली आहेत, हाच तर घोळ. व्याही म्हणाले, पुढच्याच महिन्यात उरकून टाकू या. रुमाल आतल्या खोलीत राहिलेला. तोंड उघडलं असतं तर चारचौघांत पोरीची मान खाली गेली असती. म्हणून थांबवायला हात वर केला. व्याह्यांनी तोच दोन्ही हातांत धरून घट्ट दाबला. झालं, ठरलं. असा समजूतदार माणूस पाहिला नाही म्हणाले.

मंडळी गेल्यावर लेक गळ्यात पडली. म्हणाली, बाबा, मला वाटलं होतं तुम्ही मोडता घालाल. रडत होती, आनंदानं.

९ मार्च
डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. जखम भरून नवी कवळी व्हायला दोन-तीन महिने लागतील म्हणाल्या. तोवर पोरगी गेलेली असेल. म्हटलं, सावकाश करा, आता कोणाला काही सांगायचं नाहीये.